संशोधनाचा पैसा पदाला बांधू नका, माणसाला द्या: उच्च शिक्षण खात्याला आणि कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातल्या सगळ्या अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू

नमस्कार.

मी वनस्पतीशास्त्रात पीएचडी केलीये आणि सध्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. पत्राखाली नाव लिहीत नाहीये, कारण पुढच्या वर्षी मला परत घ्यायचं की नाही हे ज्यांच्या सहीने ठरतं त्यांना हे पत्र आवडेलच असं नाही. पण यात जे लिहिलंय ते माझ्या एकट्याचं नाहीये, राज्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जा आणि तिथल्या सीएचबीवाल्याला विचारा, तो हेच सांगेल, फक्त विषय बदलेल.

माझी मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे संशोधनाचा जवळजवळ सगळा पैसा पर्मनंट पदाला बांधलेला आहे. पद असेल तर प्रोजेक्ट, पद असेल तर गाइडशिप (पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शक होणं), पद नसेल तर तुम्ही कितीही चांगलं काम करत असलात तरी तुमचा अर्ज पहिल्या पानावरच बाद होतो. आणि पदं तर भरली जात नाहीयेत. म्हणून पीएचडी झाल्यानंतरची जी पहिली सात-आठ वर्षं, ज्यात माणूस सगळ्यात जास्त काम करू शकतो, ती आपण सरळ वाया घालवतोय. राज्याने स्वतःची एक अशी ग्रँट काढावी जी पदाला नाही तर संशोधकाला मिळेल, आणि सीएचबी किंवा कंत्राटी माणसालाही तिच्यासाठी अर्ज करता येईल.

आता हे कसं होतं ते सांगतो. केंद्राचं सर्ब, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणारं मंडळ, होतं तेव्हा त्यांची स्टार्टअप रिसर्च ग्रँट होती, दोन वर्षांसाठी 30 लाख, पण अट अशी की नियमित पदावर रुजू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. मग 2023 चा कायदा आला, सर्ब जाऊन अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत 50,000 कोटींची घोषणा झाली, त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. तरुणांसाठी म्हणून पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आली. तिलाही नियमित पद लागतं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची डॉ. डी. एस. कोठारी रिसर्च ग्रँट आहे, 10 लाखांची, ती नव्याने नेमलेल्या प्राध्यापकांना. म्हणजे नावात सगळीकडे 'अर्ली करिअर' आणि 'नवीन', पण ज्याचं करिअर खरंच सुरूच होत नाहीये त्याला दार बंद. पूर्वी यूजीसीचे मायनर रिसर्च प्रोजेक्ट असायचे, रक्कम लहान असायची पण तालुक्याच्या कॉलेजातला माणूस त्या पैशावर एखादा मायक्रोस्कोप घ्यायचा, चार फील्ड ट्रिप करायचा, दोन पेपर लिहायचा. ते बंद झाले आणि त्यांच्या जागी कॉलेजच्या शिक्षकांसाठी तेवढं सहज मिळेल असं काही आलं नाही. आता जे येतं ते सगळं मोठ्या संस्थांच्या मापाचं येतं.

यावर कुणी म्हणेल की मग पद मिळवा ना. कुठून मिळवायचं? 3 नोव्हेंबर 2018 च्या जीआरने 3580 पदं भरायला मान्यता दिली होती, ती रिकाम्या पदांच्या 40 टक्केच होती. त्यातली 2088 मधेच अडकली, त्यांना परत मान्यता मिळायला नोव्हेंबर 2021 उजाडलं. मान्यता मिळाली तरी नंतर एनओसी, रोस्टर म्हणजे आरक्षणाची तपासणी, जाहिरात, कुलगुरूंचा प्रतिनिधी, मुलाखत, जेडी म्हणजे सहसंचालकांच्या ऑफिसची मान्यता असं सगळं पार पडता पडता वर्षं जातात. आणि खाजगी अनुदानित संस्थांमध्ये पदासाठी 'रेट' मागितला जातो हे तुम्हालाही माहितीये, आम्हालाही माहितीये, गावातल्या लोकांना तर आकडेही माहितीयेत. माझ्या ओळखीतल्या एकाने शेत विकायची तयारी केली होती, बापाने नाही म्हटलं, तो आता इन्शुरन्स विकतो. त्याने पीएचडीत नदीकाठच्या शेवाळांवर केलेलं काम मी वाचलंय. तसं काम परत कुणी केलेलं मला तरी दिसलं नाही.

सीएचबीचं गणितही एकदा मांडतो कारण बाहेरच्यांना वाटतं 'प्रोफेसर' म्हणजे बरं चाललं असेल. नियमित असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं, आम्हाला पूर्ण लोड देत नाहीत, साधारण त्याच्या निम्मं देतात. तासाला मानधन हजाराच्या आतबाहेर. आणि हे वर्षातले सात-आठ महिने, कारण सुट्टी आली, परीक्षा आल्या की तास नाही, तास नाही म्हणजे पैसे नाहीत. वर्षावर सरासरी काढली तर महिन्याला वीस-बावीस हजार पडतात, तेही दर महिन्याला येत नाहीत, बिलं जातात, त्रुटी निघतात, दिवाळीचं मानधन मार्चमध्ये येतं. यूजीसीने 28 जानेवारी 2019 ला गेस्ट फॅकल्टीसाठी लेक्चरला 1,500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं सांगितलं होतं. 2018 च्या यूजीसी नियमावलीत तर असंही आहे की कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत आणि त्यांना असिस्टंट प्रोफेसरच्या ग्रॉस पगाराइतकं तरी द्यावं. आता याच्या शेजारी जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, ठेवून बघा. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिन्याला 37,000 आणि तिच्या पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, 42,000 मिळतात, वर घरभाडं. मला जेआरएफ होती, म्हणून मी हे स्वतः पाहिलंय, तेव्हाचे दर यापेक्षा कमी होते तरी ते आजच्या मानधनापेक्षा जास्त होते. म्हणजे विद्यार्थी असताना जास्त आणि डॉक्टर झाल्यावर कमी. ज्या दिवशी व्हायवा होतो त्या दिवसापासून माणसाची कमाई आणि संशोधन दोन्ही उतरणीला लागतं, हे दुसऱ्या कुठल्या पेशात होतं मला माहीत नाही.

पैशापेक्षाही जास्त नुकसान कामाचं होतंय आणि ते मला माझ्याच विषयातून सांगता येईल. मी सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करतो. कास, चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचं मसाई, आंबोलीकडचे सडे, ही जांभ्या दगडाची पठारं आठ महिने ओसाड दिसतात आणि पावसात तिथे गेंद, सीतेची आसवं, तेरडे, वायतुरा असं सगळं उगवतं. यातल्या कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत, वायतुरा तर साताऱ्याच्या आसपासच्या पठारांवरचाच, त्याचं शास्त्रीय नावच अपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. या सगळ्याचा सीझन जून ते ऑक्टोबर. आणि आमचं सीएचबीचं लेटर हातात येतं ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत मला सड्यावर असायला हवं त्या महिन्यांत मी कागदोपत्री कुठल्याच संस्थेचा नसतो. वनविभागाची परवानगी मागायची तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज लागतो, प्राचार्य म्हणतात सर तुमची ऑर्डर निघू द्या मग देतो, ऑर्डर निघते तोवर सीतेची आसवं वाळलेली असतात. प्राचार्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यावरही ऑडिटची टांगती तलवार आहेच.

आणि टोपली कारवी घ्या, कासवर ती सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्या फुलोऱ्याचा, परागीभवन करणाऱ्या कीटकांचा, नंतर पडणाऱ्या बियांचा नीट अभ्यास करायचा तर किमान एक चक्र तरी एका माणसाने सलग बघायला हवं. आठ महिन्यांच्या लेटरवर सात वर्षांचं चक्र कसं बघणार? आम्ही बघतो, स्वतःच्या खिशातून, मोटरसायकलवर, नमुने घेऊन पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जाऊन जुळवतो, पण हे किती वर्षं चालेल. दरवर्षी पवनचक्क्या, रिसॉर्ट, रस्ते यांनी सडे बदलतायत, आज नोंद झाली नाही तर नंतर पैसे आले तरी नोंदवायला तिथे काही नसेल.

दुसऱ्या विषयांचंही तेच आहे. इतिहासातला एक मित्र पुणे पुराभिलेखागारात मोडी कागद वाचतो, तिथे रोज जाऊन बसायला पुण्यात राहावं लागतं आणि पुण्यात राहायला भाडं लागतं, त्यामुळे तो आता वर्षातून पंधरा दिवस जातो. सामाजिक शास्त्रांचे तर आणखी हाल, त्यांच्यासाठी आयसीएसएसआर, म्हणजे केंद्राची सामाजिक शास्त्र संशोधन परिषद, सोडलं तर फारसं काही नाहीच.

बायकांचं वेगळं लिहायलाच हवं. पीएचडी करत असताना यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी 240 दिवसांची प्रसूती रजा दिलीये, मुदतीत दोन वर्षांची सूटही दिलीये, चांगलं केलं. पण पीएचडी झाली आणि सीएचबीवर आली की तिला काहीच नाही. लेक्चर घेतलं तर पैसे. माझ्याबरोबर पीएचडी केलेली एक मैत्रीण बाळंतपणासाठी थांबली, पुढच्या वर्षी तिची जागा दुसऱ्याला गेली होती, आणि तिला कुणी काढलं असं म्हणताही येत नाही कारण ती कधी 'नोकरीत' नव्हतीच. नंतर पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या फेलोशिपला, अर्ज करायला गेली तर नॅशनल पोस्टडॉकला वयाची अट 35, बायकांना पाच वर्षं सूट आहे, पण गाइड मिळेपर्यंत ती पण निघून गेली.

आता गाइडशिपबद्दल, कारण हे पुढच्या दोन-तीन वर्षांत तुमच्याच गळ्याशी येणार आहे. 2022 च्या पीएचडी नियमांप्रमाणे गाइड व्हायला पर्मनंट शिक्षक लागतो. असिस्टंट प्रोफेसर चार, असोसिएट सहा, प्रोफेसर आठ विद्यार्थी घेऊ शकतो, आणि रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जुने गाइड रिटायर होतायत, नवे नेमले जात नाहीत, जे मधे आहेत त्यांचा कोटा भरलाय. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झालेली पोरं गाइडसाठी दारोदार फिरतात. त्यात नवीन शैक्षणिक धोरण, संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून आलं, म्हणजे 2027-28 ला पहिली बॅच चौथ्या वर्षात जाणार, आणि त्यात ऑनर्स विथ रिसर्च आहे. त्या पोरांना प्रोजेक्ट कोण करवणार? कागदावर पर्मनंट सर, प्रत्यक्षात सीएचबीवाले, कारण डिपार्टमेंटमध्ये दुसरं कुणी उरलेलंच नाही. निदान ते काम आमच्या नावावर लागावं एवढी तरी अपेक्षा चुकीची आहे का?

राज्य सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपमुळे ज्या घरात आधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं त्या घरातली पोरं-पोरी पीएचडी झाली. ऊसतोडीच्या घरातली, मेंढपाळाच्या घरातली मुलं मी स्वतः लॅबमध्ये बघितलीयेत. देशात दुसऱ्या किती राज्यांनी हे एवढ्या प्रमाणावर केलं? पण त्यांच्याशी वागलो कसं तेही बघा. 2023 मध्ये समान धोरणाच्या नावाखाली संख्येवर मर्यादा आली. 24 डिसेंबर 2023 ला चाळणी परीक्षा घेतली, त्यात 2019 च्या सेटचा, म्हणजे प्राध्यापक पात्रता परीक्षेचा, जुना पेपरच आला. 10 जानेवारी 2024 ला परत घेतली तर काही संचांना सीलच नव्हतं म्हणून पोरं बाहेर पडली. पुढे अर्धीच फेलोशिप देऊ असं ठरलं, त्यासाठी आझाद मैदानावर बसावं लागलं. आणि याच काळात नागपूरच्या अधिवेशनात, भर सभागृहात, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार असं विचारलं गेलं. ते वाक्य आमच्यातल्या कुणीही विसरलेलं नाही. मी त्याचं उत्तर रागाने देत नाही. कुठल्या पिकावर कुठला रोग येतोय, कुठल्या गावाच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, कुठल्या समाजाचा इतिहास कुणी लिहिलाच नाही, ही कामं या पोरांनी केलीयेत, ती विद्यापीठाच्या लायब्ररीत बांधून ठेवलेली आहेत, कुणीही जाऊन बघावीत. आणि यांना घडवायला पाच वर्षं सरकारने पैसे घातले, मग सहाव्या वर्षी त्यांना सोडून देण्यात काय फायदा?

माणसाला पैसा देणं शक्यच नाही असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका, कारण देशात ते आधीच चालू आहे. डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप बघा, पाच वर्षं, महिन्याला सव्वा लाख आणि वर्षाला सात लाख संशोधनाला, त्यासाठी पर्मनंट पद लागत नाही, होस्ट संस्था लागते. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी डीएसटीची विमेन सायंटिस्ट स्कीम होती, 27 ते 57 वयापर्यंत, तीही नोकरी नसलेल्यांसाठीच. इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिपही तशीच. युरोपियन रिसर्च कौन्सिलची ईआरसी स्टार्टिंग ग्रँट तर संशोधकाच्या नावावर असते, तो संस्था बदलतो तेव्हा पैसे बरोबर नेऊ शकतो. फक्त या सगळ्या योजना इतक्या थोड्या लोकांपर्यंत पोचतात आणि इतक्या मोठ्या संस्थांपर्यंतच पोचतात की तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाला त्यांची नावंही माहीत नसतात. आमच्यासाठी राज्यानेच करायला हवं.

मी हिशोब मांडून बघितला. समजा दरवेळी 500 लोक या ग्रँटवर असतील. प्रत्येकाला महिन्याला 50,000 आणि वर्षाला तीन लाख कामासाठी, केमिकल, प्रवास, फील्ड, पुस्तकं, जे लागेल ते. एका माणसाला वर्षाला नऊ लाख, 500 जणांचे 45 कोटी. राज्याचं 2025-26 चं बजेट सात लाख कोटींचं होतं. हे न परवडणारं आहे असं म्हणता येणार नाही. राबवायला नवीन ऑफिसही नको, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहेच, सामाजिक शास्त्रं आणि भाषांसाठी विद्यापीठांच्या तज्ज्ञांचं वेगळं पॅनेल करा.

अटी मात्र विचार करून घाला. वयाची अट नको, पीएचडी झाल्यापासून आठ वर्षं अशी घाला आणि बाळंतपणाचा, आजारपणाचा काळ त्यातून वजा करा. लेटर 12 महिन्यांचं द्या, जूनला सुरू होणारं, आणि त्यावर संस्थेचं नाव असू द्या म्हणजे परवानग्या अडणार नाहीत. माणसाने कॉलेज बदललं तर ग्रँट त्याच्याबरोबर जाऊ द्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण हे नसेल तर ज्या कॉलेजात तो आहे तिथले लोक ग्रँटच्या बदल्यात त्याच्याकडून काय काय करून घेतील हे आम्ही बघितलंय, परीक्षेचं काम, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, संस्थेच्या कार्यक्रमाला सतरंज्या घालण्यापर्यंत. कॉलेजला वरखर्चासाठी 10 टक्के ओव्हरहेड द्या म्हणजे त्यांनाही असा माणूस ठेवण्यात रस वाटेल. हप्ते तारखेला सोडा. आत्ता केंद्राच्या प्रोजेक्टमध्ये होतं तसं 31 मार्चला उरलेले पैसे परत आणि पुढचा हप्ता सप्टेंबरमध्ये असं झालं तर पावसाळ्यावर काम करणाऱ्या माझ्यासारख्याचं पूर्ण वर्ष जातं. निवडीत नुसते पेपर मोजू नका. यूजीसी केअर, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीच्या नादात पोरांनी पैसे भरून कुठल्याही जर्नलमध्ये पेपर छापले, आता 2025 मध्ये ती यादीही गेली. अर्जदाराचं एखादं काम खरंच वाचणारा, त्या विषयातला माणूस पॅनेलवर ठेवा, आणि अर्ज नाकारला तर का नाकारला ते चार ओळीत कळवा. आम्हाला नकार नवा नाही, पण कारण कळलं तर पुढच्या वेळी सुधारता येतं.

यात एक भीती आहे ती मीच बोलून दाखवतो. अशी ग्रँट आली की सरकार म्हणेल, झालं, आता पदं भरायची गरज नाही, हेच लोक स्वस्तात मिळतायत. तसं झालं तर ही योजना आलीच नाही तर बरं. म्हणून ग्रँट पदभरतीला पर्याय नाही हे जीआरमध्येच लिहा, आणि या काळातलं काम आणि अनुभव पुढे निवडीच्या वेळी आणि कॅससाठी, म्हणजे बढतीसाठी धरला जाईल हेही लिहा. सीएचबीची वर्षं आज बहुतेक ठिकाणी कुठेच धरली जात नाहीत, जणू आम्ही त्या काळात झोपलेलो होतो.

कुलगुरूंना वेगळी विनंती आहे कारण त्यांना मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही. आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या पीएचडीधारक सीएचबी शिक्षकांना 'संलग्न संशोधक' म्हणून एक ओळखपत्र आणि वर्षभराचं पत्र द्या. वन नेशन वन सबस्क्रिप्शनमुळे 1 जानेवारी 2025 पासून 13,000 जर्नल सरकारी संस्थांना खुली झालीत, आमचं लॉगिन मात्र ऑर्डर संपली की बंद होतं, ते चालू ठेवा. लॅबमधली उपकरणं रविवारी रिकामी असतात, ती नाममात्र फीवर वापरू द्या. सहगाइड म्हणून आमचं नाव लागण्यासाठी विद्यापीठ पातळीवर जे करता येईल ते करा, आणि जिथे यूजीसीचा नियम आडवा येतो तिथे यूजीसीला तसं लेखी कळवा. यातल्या बहुतेक गोष्टींना फक्त एक परिपत्रक लागतं.

येत्या अधिवेशनात या विषयावर काही होणार असेल तर तयारीसाठी लागेल ती मदत करायला आम्ही तयार आहोत. कोणत्या जिल्ह्यात किती पीएचडीधारक सीएचबीवर आहेत, त्यांचे विषय काय, कुठलं काम अर्धवट पडलंय, ही यादी आम्ही काही जण मिळून करतोय. एक तास वेळ द्या, मुंबईत, पुण्यात, कुठेही, यादी घेऊन येतो. फक्त जूनच्या आधी बोलवा, जूनमध्ये मी सड्यावर असेन.

आपला,
एक सीएचबी शिक्षक